सर्व्हिस वेगळ्या केल्या, पण गाठ सुटली का?

आजचा विषय सॉफ्टवेअरचा आहे, पण त्याचा फटका तुमच्यातल्या बऱ्याच जणांना बसलाय.

१२ एप्रिल २०२५, शनिवार. देशभर यूपीआय अडकलं. क्यूआर स्कॅन केला, की चक्र फिरतंय ते फिरतंयच! झालं काय होतं?

यूपीआय म्हणजे एकच मोठं सॉफ्टवेअर नाही. आपलं ॲप, ॲपमागची बँक, मधे एनपीसीआयची यंत्रणा, मग पैसे देणारी आणि घेणारी बँक. सगळ्या सर्व्हिस वेगवेगळ्या. पण एनपीसीआयच्या तपासात दिसलं, की काही बँकांकडून ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ ही विचारणा पुन्हा पुन्हा येत होती, अगदी जुन्या व्यवहारांचीसुद्धा. त्या गर्दीत नवी पेमेंट अडकली.

एक सर्व्हिस दुसरीवर अवलंबून असणं म्हणजे कपलिंग. ते वाईट नाही, त्याशिवाय काम होणारच नाही. वाईट कधी? एक आजारी पडली की बाकीच्याही झोपतात तेव्हा.

समजा, तुम्ही मिसळीच्या हॉटेलसाठी ऑर्डरचं ॲप बनवताय. त्यात तीन गाठी हमखास पडतात.

पहिली, वाट बघण्याची. ऑर्डर सर्व्हिस एसएमएस जाईपर्यंत थांबते. एसएमएसवाला सर्व्हर बंद, तर ऑर्डरच बंद! अहो, मिसळीचा आणि मेसेजचा काय संबंध? मेसेजचं काम रांगेत टाका आणि ऑर्डर पुढे जाऊ द्या. मेसेज मागनं जाईल.

दुसरी, सारखं विचारण्याची. पेमेंटचं उत्तर आलं नाही, की ॲप दर सेकंदाला विचारत बसतं. आधीच दमलेल्या सर्व्हरवर आणखी ओझं. किती वेळ थांबायचं, किती वेळा विचारायचं, मधे किती अंतर ठेवायचं, हे आधीच ठरवा. एनपीसीआयनंही १ ऑगस्ट २०२५ पासून तेच केलं. अडकलेल्या व्यवहाराची स्थिती ॲपनं जास्तीत जास्त ३ वेळा विचारायची, तीही ९० सेकंदांच्या अंतरानं.

तिसरी गाठ लपलेली असते. सर्व्हिस वेगळ्या, पण डेटाबेस एकच. बिलिंगवाल्यानं एका कॉलमचं नाव बदललं, की किचनची स्क्रीन कोरी! म्हणून प्रत्येकीचा डेटा तिच्याकडेच राहू द्या. दुसरीला हवा असेल तर एपीआयमधून मागू दे, आणि त्या एपीआयचं स्वरूप न सांगता बदलायचं नाही.

म्हणजे बघा, एका प्रोग्रामचे दहा तुकडे केले म्हणून गाठी सुटत नाहीत. उलट तुकड्यांच्या मधे नेटवर्क येतं, आणि ते कधीही दगा देऊ शकतं.

तुमच्या कॉलेज प्रोजेक्टवर हे करून बघाच. एक सर्व्हिस मुद्दाम बंद करा. बाकी काय काय चालू राहतंय, ते कागदावर लिहा. जे विनाकारण बंद पडलं, तिथं तुमची गाठ आहे. ती आधी सोडवा.

भेटू पुढच्या भागात!