अडचणीत सापडलेल्या संसाराने दाद कोठे मागावी?

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मध्यमवर्गीय संसाराचे तर ते ब्रीदच होऊन बसले आहे. ही वृत्ती बऱ्या दिवसांत शोभून दिसते. परंतु नोकरी सुटली, दुकान बसले किंवा घरातील कर्त्या माणसाला मोठे दुखणे आले, म्हणजे हीच म्हण घात करते. मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, पैशाच्या अडचणीत मदत मिळत नाही असे नाही. ती मागावयास आपण उशीर करतो आणि त्या उशिराचे व्याज भरत बसतो.

ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख होता कर्जाच्या खतांवर. ती त्यांनी हिसकावून जाळली. खतात काय लिहिले आहे हे बहुतेक ऋणकोंना वाचता येत नसे, आणि कोर्ट तर खतालाच प्रमाण मानी. या उठावानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साह्याचा कायदा झाला. खताच्या मागे जाऊन मूळ रक्कम किती आणि व्याज किती, याचा हिशेब तपासण्याची वाट न्यायाधीशांना मोकळी झाली. पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. ऋणकोचे दुःख चव्हाट्यावर आले, तेव्हाच कायदा हलला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आज जाळण्यासारखी खते आपल्या घरी नसतील. पण लाज आहे, आणि लाजेचा व्यापार करणारेही आहेत. समजा, एका गृहस्थाने कोणाला कळू नये म्हणून एका खाजगी सावकाराकडून ५०,००० रुपये दरमहा शेकडा दहा दराने घेतले. दरमहा ५,००० रुपये व्याज झाले. वर्षभरात ६०,००० रुपये गेले आणि मुद्दल जसेच्या तसे राहिले! तीच रक्कम वर्षाला शेकडा बारा दराने बँकेतून अथवा पतपेढीतून घेतली असती, तर सुमारे ४,४५० रुपयांच्या बारा हप्त्यांत सारे कर्ज फिटले असते. पहिल्या ठिकाणी कागद मागितले नाहीत, जामीन मागितला नाही, कोणाला कळले नाही. या ‘कोणाला कळले नाही’ची किंमत किती, ते आपणच मोजा.

म्हणून पहिली मदत घरातच शोधावी. ज्या रात्री झोप येत नाही, त्याच रात्री पत्नीला, पतीला, कळत्या मुलांना बसवून एका कागदावर सारे मांडावे: कोणाचे किती देणे, व्याज काय, मुदत कोणती, तारण काय. पुष्कळदा मनातील आकडा कागदावरच्या आकड्यापेक्षा मोठा असतो. मग क्रम लावावा. अन्न, औषध, घरभाडे, वीज आणि मुलांची फी आधी. त्यानंतर ज्या देण्यावर घर गहाण आहे ते. मग जबर व्याजाचे. आणि शेवटी बाकीची देणी. जो जोराने ओरडतो त्याचे आधी, हा क्रम चुकीचा आहे.

दुसरी मदत आपल्याच पैशांची. आयुर्विम्याच्या पुष्कळशा पॉलिसींवर कर्ज मिळते. भविष्यनिर्वाह निधीतून आजारपणासारख्या कारणासाठी रक्कम काढता येते. पगारदार नोकरांची पतपेढी असेल तर तिचे सभासदत्व अशा वेळी उपयोगी पडते. घरातील सोने विकण्यापेक्षा बँकेत तारण ठेवणे पुष्कळदा बरे. मात्र सोडवण्याची तारीख कागदावर लिहून ठेवावी.

तिसरी मदत मागावयाची ती धनकोकडेच! हप्ता चुकणार असे दिसताच बँकेत जावे, हप्ता थकल्यावर नव्हे. व्यवस्थापकास लेखी अर्ज द्यावा, उत्पन्न का घटले ते सांगावे, मुदत वाढवून हप्ता लहान करून मागावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. सामान्यतः ९० दिवस हप्ता थकला की बँक ते खाते बुडीतीच्या वाटेवरचे समजते. त्यानंतर घर गहाण असेल तर २००२ च्या कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. ती न उघडता फडताळात टाकणे हा सर्वांत महागडा संकोच होय. त्या मुदतीत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला तिचे उत्तर द्यावे लागते.

आता भीतीविषयी दोन शब्द. ‘तुरुंगात टाकू, भांडीकुंडी उचलून नेऊ’ अशा धमक्या ऐकून माणसे खचतात. कायदा काय म्हणतो? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाप्रमाणे अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे आणि धर्मरिवाजाप्रमाणे स्त्री अंगावरून उतरवू शकत नाही असे दागिने यांवर जप्ती येत नाही. पोटगीचे देणे सोडल्यास, पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे २५,००० रुपये पगारातून ८,००० रुपयांवर जप्ती जाऊ शकत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ज्याची ऐपतच नाही अशा प्रामाणिक ऋणकोला केवळ कर्ज फिटले नाही म्हणून कैदेत टाकता येणार नाही. मात्र दिलेला धनादेश न वटणे ही निराळी बाब आहे. त्यावर फौजदारी खटला होतो. म्हणून कोरे धनादेश आणि सही केलेले कोरे कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत.

खाजगी सावकाराचा जाच असेल तर महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन किंवा घर परत मिळावे म्हणून सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. मोबाइलवरून झटपट कर्ज देऊन नातेवाइकांना निरोप धाडणाऱ्यांचा नवा सावकारी धंदाही आपण पाहत आहोत. त्यांच्याविरुद्ध १९३० या क्रमांकावर व पोलिसांत तक्रार करावी. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले आहे की, वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी किंवा सायंकाळी ७ नंतर ऋणकोला फोन करू नये, त्याला धमकावू नये. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

वकिलाची फी कोठून आणावी? प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती यांना तेथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. क्रमांक १५१०० आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि पुढे अपिलाची टांगती तलवार राहत नाही. दवाखान्याच्या बिलाने संसार बुडत असेल, तर धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी शेकडा दहा खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी शेकडा दहा खाटा सवलतीच्या दरात राखीव असतात, हे प्रवेश घेतानाच विचारावे. तेथील समाजसेवकाला गाठावे. न ऐकल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जावे.

आणि या चिंतेने कोणाच्या मनात जीव देण्याचा विचार येत असेल, तर हिशेबाचा कागद बाजूला ठेवून आधी माणूस गाठावा. त्यासाठी २०२२ पासून १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू आहे. कर्जाची मुदत वाढवता येते, ते कमी करून घेता येते. गेलेला माणूस परत येत नाही.

शेवटचे सांगणे अडचणीत नसलेल्यांसाठी. आपल्या वाड्यात, चाळीत, सोसायटीत एखादे घर अलीकडे गप्प गप्प झाले असेल, तर चार उपदेशाचे शब्द ऐकवू नयेत. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे त्यांना ठाऊक असते. अंथरूणच आखडले, तेथे त्यांनी काय करावे? शक्य असेल तर त्यांच्याबरोबर बँकेच्या दारापर्यंत चालत जावे. एकट्याला जी पायरी डोंगराएवढी वाटते, ती सोबतीने सहज चढून होते. मूठ उघडली म्हणून अब्रू जात नाही. उलट, मदतीचा हात धरावयाचा तर ती आधी उघडावीच लागते.