राउटर टेबल व लाकूडकामाचा लहान शेपर

राउटर टेबल व लाकूडकामाचा लहान शेपर : लाकडाच्या कडांना गोलाई, खाच, जीभ व नक्षीदार कंगोरे देणारी दोन यंत्रे. दोहोंतही मेजाच्या छिद्रातून वर आलेल्या उभ्या तर्कूवर (फिरणाऱ्या दांड्यावर) धारदार कर्तक बसवितात व लाकूड मेजावरून सरकवीत त्याच्यापाशी नेतात. काम वरकरणी एकच दिसत असले, तरी कर्तकाचा व्यास, फिरण्याचा वेग व शक्ती यांत मोठा फरक असल्यामुळे लहान कार्यशाळेने कोणते यंत्र घ्यावे हा प्रश्न केवळ किंमतीवरून सुटत नाही. धातुकामातील शेपर हे मागेपुढे सरकणाऱ्या हत्याराचे निराळे यंत्र असून त्याचा येथे संबंध नाही.

लाकूडकामासाठी फिरत्या कर्तकाची कल्पना इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथॅम यांच्या १७९३ च्या एकस्वात (पेटंटात) आढळते. एकोणिसाव्या शतकात उभ्या तर्कूचा शेपर कारखान्यांत रुळला. हाती विद्युत् राउटर विसाव्या शतकात आला व तोच मेजाखाली उलटा टांगल्याने राउटर टेबल तयार झाले. वऱ्हाडात ही कामे दीर्घकाळ नक्षीच्या रंध्यांनी व पटाशीने होत असत. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस मेळघाटाची सागवनी जंगले असून परतवाडा येथे सागाच्या लाकडाची मोठी बाजारपेठ आहे. त्यामुळे रिद्धपूर (ता. मोर्शी) यासारख्या गावातील सुताराच्या दृष्टीने या दोन यंत्रांची निवड मुख्यत्वे सागाच्या चौकटी, दारे, खिडक्या व कपाटे यांच्या कामाशी निगडित आहे.

रचना : राउटरचे चलित्र (मोटर) कार्बन ब्रशांचे असते. त्याची शक्ती साधारणतः १ ते ३ अश्वशक्ती व वेग दर मिनिटास ८,००० ते २४,००० फेरे असतो. कर्तकाचा ६, ८ किंवा १२ मिमी. जाडीचा दांडा कॉलेटमध्ये पकडलेला असतो. हे चलित्र हलके व स्वस्त असले, तरी त्याचा आवाज फार होतो, ब्रश झिजतात आणि दीर्घकाळ भार दिल्यास ते तापते. लहान शेपरचे प्रवर्तन चलित्र (इंडक्शन मोटर) जड असते. ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर ते दर मिनिटास सुमारे २,८५० फेरे घेते. पट्टा व कप्प्या यांच्या साहाय्याने तर्कूचा वेग ७,००० ते १०,००० फेऱ्यांपर्यंत वाढवितात. तर्कू दोन धारव्यांत (बेअरिंगांत) बसविलेला असल्याने जास्त कंप न होता खोल काप घेता येतो. बहुतेक शेपरांत तर्कू उलट दिशेनेही फिरविता येतो. टेबलाखालील राउटर मात्र एकाच दिशेने फिरतो.

वेग व काप : कापाची प्रत फेऱ्यांच्या संख्येपेक्षा कर्तकाच्या धारेच्या प्रत्यक्ष वेगावर अधिक अवलंबून असते. हा वेग व्यास व फेरे या दोहोंच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतो. १२ मिमी. व्यासाचे कर्तक मिनिटास २२,००० फेरे घेत असता धारेचा वेग सेकंदास सुमारे १४ मी. होतो, तर शेपरवरील १०० मिमी. व्यासाचे कर्तक ८,००० फेऱ्यांना सुमारे ४२ मी. वेग देते. शेपरसाठी सेकंदास ४० ते ७० मी. ही मर्यादा सामान्यतः योग्य मानतात. लहान कर्तक शेपरवर लावल्यास वेग फारच कमी पडून काप खडबडीत होतो. उलट, ७५ मिमी. चे कर्तक राउटरवर २२,००० फेऱ्यांनी फिरविल्यास वेग ८६ मी. पर्यंत जातो व ते फुटण्याचा धोका उद्‌भवतो. म्हणून असे कर्तक १०,००० फेऱ्यांच्या आसपास किंवा निर्मात्याने दिलेल्या मर्यादेतच चालवावे लागते. शिवाय मोठ्या व्यासाची धार लाकडातून उथळ कोनाने बाहेर पडते, त्यामुळे तंतू कमी उचकटतात.

सागात सिलिका असल्याने साध्या पोलादी धारा लवकर बोथट होतात. यास्तव दोन्ही यंत्रांवर टंगस्टन कार्बाइडाच्या टोकांची कर्तके वापरणे हिताचे असते.

निवड : दाराच्या चौकटीत झडप टेकण्यासाठी १२ मिमी. खोल व ३८ मिमी. रुंद खाच काढावयाची आहे असे समजल्यास, २.१ मी. चे दोन उभे व ०.९ मी. चा एक आडवा असे एकूण ५.१ मी. लाकूड कापावे लागते व सुमारे २,३०० घ. सेंमी. भुसा निघतो. राउटरने एका फेरीत ३ मिमी. खोल कापल्यास तीच लांबी चार वेळा सरकवावी लागते. शेपर हे काम एकदोन फेऱ्यांत करतो. महिनाभर अशा चौकटी करणाऱ्यास, किंवा पॅनेलच्या दारांचे जाड कंगोरे शेकडो मीटर काढणाऱ्यास, शेपर परवडतो. त्याला पुढे स्वयंचलित सरकविण्याचे साधनही जोडता येते. मात्र गोल करवत आधीच असेल, तर ही खाच तिच्या दोन छेदांनी निघते आणि राउटरकडे केवळ सफाई व नक्षी उरते. ज्याचे काम बारीक, वारंवार बदलणारे व थोड्या नगांचे आहे, त्याला राउटर टेबल पुरते. तोच राउटर टेबलावरून काढून बसविलेल्या दारावर बिजागरीची खाच करण्यास नेता येतो. शेपर जागेवरून हलत नाही.

खर्च मोजताना कर्तकांचाही विचार करावा लागतो. शेपरची कर्तके महाग असतात. वीजपुरवठाही महत्त्वाचा असतो. शेपरचे चलित्र सुरू होताना पूर्ण भाराच्या पाच ते सात पट प्रवाह घेते. विद्युत् दाब कमी असलेल्या ठिकाणी ते सुरू होण्यास वेळ लागतो व तापते. म्हणून खरेदीपूर्वी तारांची जाडी व जोडभार तपासणे आवश्यक ठरते.

सुरक्षितता : या यंत्रांवरील बहुतेक दुखापती बोटांना होतात. लाकूड कर्तकाच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकवितात. राउटर टेबलावर याचा अर्थ सर्वसाधारणपणे उजवीकडून डावीकडे. लाकूड कर्तक व मार्गदर्शक पट्टी यांच्या मध्ये अडकवून कापल्यास ते हातातून हिसकले जाऊन फेकले जाते. लहान तुकडे हाताने न धरता धारकात बसवितात. शेपरची शक्ती अधिक असल्याने त्याचा झटकाही अधिक घातक असतो. म्हणून त्यावर कर्तकाचे झाकण, दाबपट्टी व ढकलकाठी अपरिहार्य होत. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम २१ ने धोकादायक यंत्रभागांना संरक्षक आवरण असणे बंधनकारक केले होते. असा कायदा लागू न होणाऱ्या लहान कार्यशाळेतही तीच दक्षता घेणे इष्ट आहे. सागाच्या भुशाने त्वचा व श्वसनमार्ग यांचा दाह होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यांकनात लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरविली आहे. त्यामुळे यंत्र कोणतेही निवडले, तरी धूळ शोषून घेणाऱ्या साधनाचा खर्च त्याच्या किंमतीतच धरावा लागतो.