सर्फबोर्डचा कणा : थर्माकोलच्या ब्लँकमध्ये लाकडी पट्टी कशी चिकटवायची?



सर्फबोर्डच्या आतल्या फोमच्या गाभ्याला ब्लँक म्हणतात. त्याच्या मधोमध, टोकापासून शेपटीपर्यंत, उभी बसवलेली लाकडी पट्टी म्हणजे स्ट्रिंगर. ही पट्टी म्हणजे बोर्डाचा कणा. ती नीट चिकटली नाही तर लाटेच्या माऱ्यात बोर्ड मोडू शकतो, आणि त्यावर उभा असतो तुमचा ग्राहक.

तयार ब्लँक मिळत असताना हा खटाटोप कशाला? 5 डिसेंबर 2005 ला कॅलिफोर्नियातली क्लार्क फोम ही कंपनी अचानक बंद झाली. अमेरिकेतले बहुतेक बोर्ड बनवणारे तिच्याच ब्लँकवर अवलंबून होते. एका दिवसात सगळ्यांच्या पोटावर पाय आला. मग अनेकजण थर्माकोलच्या ब्लॉककडे वळले. धडा सोपा आहे: कच्च्या मालासाठी एकाच दारात उभं राहू नका.

1. बाक आधी कापा. तापलेली तार थर्माकोल कापते, लाकूड नाही. म्हणून ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना साचे लावून बोर्डाचा बाक आधी काढा, मगच ब्लॉक उभा मधून चिरा. त्याच साच्यावरून 3-4 मिमी प्लायची पट्टी कापा. ती 1-2 मिमी उंच ठेवा. तार चालवताना धूर होतो, त्यामुळे काम मोकळ्या हवेत करा.

2. गोंद जपून निवडा. मखराच्या थर्माकोलला रबर सोल्युशन लावलं की काय होतं, आठवतंय ना? तो वितळतो. पॉलिएस्टर रेझिननेही तेच होतं. इथे इपॉक्सी वापरा. त्यात मायक्रोबलून पावडर मिसळली की ते हलकं होतं आणि घासायला सोपं जातं. पॉलियुरेथेन गोंदही चालतो, फक्त तो फुगतो आणि दोन्ही भाग दूर ढकलतो, म्हणून पक्कं बांधावं लागतं.

3. आधी कोरडी जुळणी. गोंद न लावता सगळं बसवून बघा. फट दिसली तर आत्ताच घासा. गोंद भरून फट लपवू नका.

4. बांधणी. बाक कापताना निघालेले तुकडे टाकू नका. तेच खाली पाळण्यासारखे ठेवा, म्हणजे बाक बदलत नाही. मध्ये प्लॅस्टिक कागद घाला. गोंद पातळ लावा, दोन्ही कडांना लाकडी पट्ट्या ठेवा आणि पट्टे आवळा. थेट फोमवर आवळलं तर खड्डे पडतात. टोकापासून शेपटीपर्यंत दोरी ताणून पट्टी सरळ आहे का बघा. बाहेर आलेला गोंद लगेच पुसा, कारण वाळलेला गोंद फोमपेक्षा कडक असतो. घासताना फोम खाली जातो आणि गोंदाची रेघ वर राहते.

5. रात्रभर हात लावू नका. नंतर धारदार छोट्या रंध्याने पट्टी फोमच्या पातळीत आणा.

आता हिशोब. समजा, 10 ब्लँकपैकी 2 वाया गेले. मग 10 ब्लँकचा खर्च विकल्या जाणाऱ्या 8 वर वाटा. त्यात गोंद, सँडपेपर आणि तुमचे तास धरा. "माझी मेहनत फुकट" म्हणणारा धंदा फार दिवस टिकत नाही.

ऑर्डर घेण्याआधी दोन फुटांचा नमुना चिकटवा, दुसऱ्या दिवशी मोडून बघा. सांध्यातून सुटला तर गोंद किंवा बांधणी चुकली. थर्माकोलच फाटला आणि सांधा शाबूत राहिला, तर पूर्ण ब्लँक हातात घ्यायला हरकत नाही.