ट्रॉलीचा हूक आणि मागचे दिवे : घरच्या घरी बसवा, पण नीट बसवा



रेडिओवर सांगितलेलं कानावरून जातं, पण पाना हातात घेतल्यावर नेमकं आठवत नाही. म्हणून ही माहिती छापून देत आहोत. पत्रक ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावे.

हा खटाटोप कशासाठी?

उसाचा हंगाम लागला की रात्रभर ट्रॉल्या कारखान्याच्या रस्त्याला असतात. भरलेली ट्रॉली ताशी १५-२० किलोमीटरने चालते. मागून येणारा मोटारसायकलवाला ताशी ६० ने आला, तर तो एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे सरकतो. ट्रॉली दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, म्हणजे २५ मीटर गेले. ब्रेक लागायचा तो त्याच्यापुढे. त्याच्या दिव्याचा उजेड पुरतो तेवढ्यात हे सगळं व्हायला हवं. उसाचा रंग अंधारात मिसळून जातो. मागे लाल दिवा नसेल, तर त्या माणसाला ट्रॉली दिसते ती अंगावर आल्यावरच. तो माणूस आपल्याच गावचा, आपल्याच भावकीतला असू शकतो. खर्च मात्र दोन दिवे, थोडी वायर आणि अर्ध्या दिवसाचं काम एवढाच.

आधी हूक

१. ट्रॉली ट्रॅक्टरच्या ओढण्याच्या हुकालाच जोडावी. वरच्या लिंकच्या कानाला किंवा मागच्या आसाच्या वर कुठेही साखळी अडकवून ओढू नये. ओढ वरून लागली की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. खालच्या दोन लिंकांमध्ये बसणाऱ्या भोकांच्या आडव्या पट्टीलाही जड ट्रॉली लावू नका. हायड्रॉलिक उचललं की ओढही वर जाते.

२. हूक बसवताना साधे बोल्ट चालत नाहीत. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा आकडा कोरलेला पाहून घ्या. प्रत्येक बोल्टला स्प्रिंग वायसर घाला. बोल्ट भोकात ढिला खेळत असेल तर तो जाडीने कमी आहे. पत्र्याचा तुकडा कोंबून भागवू नका. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत.

३. पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालण्याची सवय वाईट. सळई वाकते, झिजते आणि एखाद्या चढावर दगा देते. पिन योग्य जाडीची असावी आणि खाली क्लिप लावावी, म्हणजे खड्ड्यात उसळून वर येणार नाही. पिनेवर झिजेचा खळगा पडला की ती बदला.

४. हुकाशिवाय एक सुरक्षा साखळी हवीच. पिन निघाली तरी ट्रॉली मोकाट सुटत नाही. वळताना ताणणार नाही एवढी ढील ठेवा, जमिनीला घासेल एवढी नको.

५. दोन चाकी ट्रॉलीत माल मागे जास्त भरला तर ट्रॉलीचं तोंड वर येतं आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात. सगळा माल पुढे भरला तर हुकावर भार येऊन ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलू पाहतात, स्टिअरिंग ऐकत नाही. वजन सारखं पसरावं. हुकावर किती भार चालतो ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

वेल्डिंग करायची झाल्यास आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढाव्यात.

आता वायरिंग

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची उणे वायर काढा. ट्रॅक्टरच्या मागे सात पिनांचं सॉकेट आधीच आहे का ते पाहा. बऱ्याच ट्रॅक्टरांना असतं, पण धुळीने भरलेलं असतं. नसेल तर १२ व्होल्टचं सॉकेट, त्याचा प्लग आणि सात तारांची केबल आणा. केबलमधली तार दीड चौरस मिलिमीटरची आणि अर्थची अडीचची असली तर उत्तम.

सॉकेट उघडलं की प्रत्येक स्क्रूशेजारी बारीक आकडा दिसेल. नेहमीची जोडणी अशी :

१ : डावा इंडिकेटर, पिवळी वायर
२ : मागचा धुक्याचा दिवा, निळी (ट्रॉलीला नसेल तर रिकामी ठेवा)
३ : अर्थ, पांढरी
४ : उजवा इंडिकेटर, हिरवी
५ : उजवा टेल दिवा, तपकिरी
६ : ब्रेकचे दिवे, लाल
७ : डावा टेल दिवा व नंबरप्लेटचा दिवा, काळी

बाजारात मिळणाऱ्या केबलचे रंग वेगळे असू शकतात. म्हणून रंगावर विसंबू नका, आकडा पाहून जोडा. सॉकेट आणि प्लग समोरासमोर धरले की आकडे उलटसुलट दिसतात. तिथेच बरेच जण फसतात.

ट्रॅक्टरची कोणती वायर कशाची, हे ओळखायला बल्बाला दोन तारा जोडून टेस्टर करा. तपासण्यापुरती बॅटरी जोडा. टेस्टरची एक तार अर्थला धरा, दुसरी संशयित वायरीला. ब्रेक दाबल्यावर बल्ब लागला आणि सोडल्यावर विझला, की ती ब्रेकची. इंडिकेटर आणि टेलची वायरही अशीच शोधा. मग बॅटरी पुन्हा काढून जोड द्या. जोड नुसता पिळून टेप गुंडाळू नये; झाळावा किंवा कनेक्टरने दाबून घ्यावा. वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी बूश घाला, नाहीतर धक्क्यांनी कापली जाते.

अर्थची वायर वेगळी ओढा

हुकाच्या लोखंडातून अर्थ मिळेल असं समजू नका. पिन गंजते, ग्रीसने माखते. ३ नंबरची वायर थेट प्रत्येक दिव्यापर्यंत न्यावी. इंडिकेटर लावला की टेल दिवाही फडफडतो, असं दिसलं तर समजा, अर्थ ढिला आहे. बल्ब बदलण्याआधी तिथे पाहा.

फ्लॅशर आणि फ्यूज

इंडिकेटर आणि ब्रेकचा बल्ब साधारण २१ वॉटचा, टेलचा ५ वॉटचा असतो. ट्रॉली जोडल्यावर एका बाजूला एक बल्ब वाढतो, त्यामुळे इंडिकेटरची उघडझाप बिघडू शकते. अशा वेळी ट्रॉलीसह चालणारा फ्लॅशर मागून घ्या. फ्यूज उडाला तर तिथे तांब्याची तार गुंडाळू नका. आधी कुठे वायर चिरडली ते शोधा. नाहीतर फ्यूजऐवजी वायरिंग जळेल.

दिवे कुठे लावायचे?

ट्रॉलीच्या मागच्या आडव्या चॅनेलवर, दोन्ही टोकांना, जाळीच्या आत. पण खरी परीक्षा माल भरल्यावर. उसाचं वाढं खाली लोंबलं की दिवा झाकला जातो. म्हणून भरल्यानंतर ट्रॉलीच्या मागे ५० पावलं जाऊन पाहा. दोन ट्रॉल्या जोडत असाल तर शेवटच्या ट्रॉलीचे दिवे लागलेच पाहिजेत; त्यासाठी पहिल्या ट्रॉलीच्या मागेही सॉकेट बसवा.

दिवा बिघडतो, वायर तुटते. म्हणून परावर्तक पट्टीही हवीच : मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. तिला वीज लागत नाही, पण चिखल चालत नाही. रोज फडक्याने पुसा. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रॉलीचीही नोंदणी लागते, हेही ध्यानात असू द्या.

निघण्यापूर्वी

एकाने ट्रॅक्टरवर बसावं, दुसऱ्याने मागे उभं राहावं. टेल, ब्रेक, डावा, उजवा, असं क्रमाने पाहावं. पिनेची क्लिप, साखळी आणि लोंबणारी केबल हाताने तपासावी. वाटेत ट्रॉली बंद पडली तर मागे ५० पावलांवर परावर्तक त्रिकोण ठेवा, आणि चाकाला लावलेले दगड निघताना रस्त्यावर सोडून जाऊ नका.

ऊस कारखान्यावर चार तास उशिरा पोचला तरी चालेल. पण आपल्या ट्रॉलीमुळे कुणाच्या घरचा माणूस परत न येणं, ते भरून निघत नाही. दिवा लावा, मगच निघा.