भिंत गेली, खाली पट्टी उरली!
काल एका फ्लॅटमध्ये हॉल-किचनमधली भिंत पाडली. खाली पाच-साडेपाच इंचांची खडबडीत पट्टी बघून काकू धास्तावल्या.

त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फरशी भिंती उभ्या राहिल्यावर बसवतात, म्हणून भिंतीखाली ती नसतेच.

नुसतं सिमेंट थापू नका, कडेने तडे जातात. उरलेल्या विटा छिन्नीने फरशीच्या दीड-दोन इंच खाली उतरवा. धूळ काढा, पाणी मारा, सिमेंटची स्लरी ओता, मगच माल भरा.

जुन्या टाइलची शेड मिळवायला दुकानं पालथी घालू नका, सहसा जुळत नाही. काळ्या ग्रॅनाइटची पट्टी फरशीच्या लेव्हलला बसवा, झकास दिसते!

पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, सोसायटीची परवानगी घ्या. शंका असेल तर फोटोसकट विचारा.