हिमस्खलनातील हवापिशवी आणि विमानप्रवास

काश्मीरमधील गुलमर्ग येथे दर हिवाळ्यात देशोदेशींचे स्कीपटू येतात. तेथील गोंडोलाचा दुसरा टप्पा त्यांना अफरवत शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३,९०० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. तेथून खाली उतरणारे बर्फाचे उतार जितके मोहक, तितकेच फसवे आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये या उतारांवर झालेल्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू मरण पावले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, एका रशियन स्कीपटूचा असाच अंत झाला. महाराष्ट्रातूनही बर्फावरील क्रीडांसाठी आणि गिर्यारोहणासाठी हिमालयात जाणाऱ्यांची संख्या लहान नाही. त्यांच्यापैकी काहींच्या पाठीवर आता एक नवे साधन दिसू लागले आहे. ते म्हणजे हिमस्खलनात तगून राहण्यासाठी तयार केलेली, हवापिशवी असलेली सॅक होय. तिचा उपयोग उतारावर असला, तरी तिची पहिली परीक्षा विमानतळावरच होते.

या साधनामागील तत्त्व आपल्या घरात रोज पाहावयास मिळते. चिवड्याचा डबा हलविला की चुरा तळाशी जातो आणि मोठे जिन्नस वर येतात. कोसळणारा बर्फ हाही असंख्य लहानमोठ्या कणांचा वाहता ढीगच असतो. त्यात सापडलेल्या माणसाचे आकारमान एकदम वाढविता आले, तर तो पृष्ठभागाकडे ढकलला जातो. बव्हेरियातील एका वनरक्षकाच्या ध्यानात ही गोष्ट १९७० च्या दशकात आली, असे सांगतात. खांद्यावर शिकार असताना तो हिमस्खलनात सापडला आणि तरीही वरच राहिला. पेटर आशाउअर या जर्मन उद्योजकाने ती कल्पना हाती घेतली आणि १९८५ च्या सुमारास असे पहिले साधन लोकांपुढे आले.

सॅकच्या खांदेपट्ट्यावर एक मूठ असते. ती जोराने ओढली की सुमारे तीन सेकंदांत दीडशे लिटरच्या आसपास आकारमानाची पिशवी फुगते. हा फुगा जादूचा मात्र नव्हे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, हिमस्खलनात गंभीरपणे सापडलेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण पिशवी फुगलेली नसताना शेकडा २२ होते, ती फुगल्यावर शेकडा ११ झाले. म्हणजे धोका निम्म्यावर आला, नाहीसा झाला नाही. झाडांवर वा खडकांवर आपटण्यापासून पिशवी फारसे रक्षण करीत नाही. म्हणूनच संदेशवाहक यंत्र, शोधकाठी आणि फावडे यांना तिच्यामुळे रजा देता येत नाही. पुरल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तरच त्याच्या जगण्याची आशा मोठी असते, आणि ते काम सोबत्यांनाच करावे लागते.

विमानतळावर अडचण कोठे येते?

पिशवी फुगविण्यासाठी शक्ती लागते आणि विमानतळावरील सारा प्रश्न त्या शक्तीचा आहे. जुन्या व आजही प्रचलित असलेल्या प्रकारात ती एका लहानशा सिलिंडरात भरलेल्या वायूपासून मिळते. हवा किंवा नायट्रोजन त्यात प्रचंड दाबाने भरलेला असतो. काही बनावटींत हा दाब ३०० बार, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या शंभर पटींहून अधिक असतो. शिवाय काही सॅकच्या मुठीत सिलिंडर फोडण्यासाठी स्फोटकाची अत्यल्प मात्रा बसविलेली असते. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर धातूची बाटली, नळी आणि स्फोटक असे चित्र उमटले, तर तपासणी करणाऱ्या जवानाने सॅक बाजूला काढणे हे त्याचे कर्तव्यच आहे. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. असे साधन त्याने पूर्वी कधी पाहिलेही नसेल.

प्रवाशांनी दाबाखालील वायू विमानात नेऊ नये हा सर्वसाधारण नियम आहे. तथापि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तांत्रिक सूचनांमध्ये, आणि त्यांना अनुसरून विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तयार केलेल्या धोकादायक वस्तूंच्या नियमावलीत, हिमस्खलनाच्या सॅकसाठी स्वतंत्र सवलत ठेवलेली आहे. तीनुसार एका प्रवाशाला एक सॅक नेता येते. तिच्यातील वायू न पेटणारा व विषारी नसलेला असला पाहिजे. चापात स्फोटक असल्यास त्याचे निव्वळ वजन २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. सॅक अपघाताने फुगणार नाही अशा रीतीने बांधलेली असावी आणि पिशव्यांना जादा दाब सोडून देणाऱ्या झडपा असाव्यात. या अटी पाळल्यास ती हातसामानात किंवा विमानाच्या पोटातील सामानात, दोन्हीकडे चालते. भारतातील नियमही याच तांत्रिक सूचनांना धरून आहेत.

मात्र या सवलतीत एक अट अशी आहे की जिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ती म्हणजे विमान कंपनीची संमती. नियमावलीत परवानगी आहे म्हणून कंपनीने सॅक घेतलीच पाहिजे असे नाही. तिला नकार देण्याचा अधिकार आहे. एकाच प्रवासात दोन कंपन्यांची विमाने असतील, तर संमतीही दोघींची लागते आणि परतीच्या प्रवासासाठी ती पुन्हा पाहावी लागते. दूरध्वनीवर मिळालेला होकार खिडकीपाशी उपयोगी पडत नाही. संमती लेखी घ्यावी. तिच्यासोबत नियमावलीतील संबंधित उताऱ्याची व निर्मात्याच्या माहितीपत्रकाची छापील प्रत बाळगावी. सिलिंडर त्याच्या सॅकपासून वेगळे करून दुसऱ्या सामानात टाकू नये, कारण सवलत सॅकला आहे, सुट्या सिलिंडरला नाही. जादा सिलिंडर बरोबर नेण्याचा मोहही याच कारणाने टाळावा.

शिवाय, देशागणिक सुरक्षा यंत्रणांचे धोरण वेगळे असते. अमेरिकेत भरलेले सिलिंडर तपासणीतून पुढे जात नाही. ते रिकामे, झडप काढलेले आणि आतील पोकळी डोळ्यांना दिसेल असे असावे लागते. तिकडे जाणारे स्कीपटू म्हणूनच रिकामे सिलिंडर नेतात आणि मुक्कामी पोहोचल्यावर भरून घेतात. हा मार्ग सोपा वाटला तरी भरण्याची सोय तेथे खरोखर आहे काय, याची चौकशी निघण्यापूर्वी झाली पाहिजे. साध्या हवेवर चालणारी काही सिलिंडरे पाणबुड्यांची सामग्री ठेवणाऱ्या दुकानांत भरून मिळतात. नायट्रोजनची मोहोरबंद सिलिंडरे मात्र निर्मात्याकडूनच बदलून घ्यावी लागतात. चौकशीविना गेलेल्या माणसाच्या पाठीवर उतारावर निव्वळ तीन किलोंचे ओझे राहते, आणि त्याच्या मनात मात्र आपण सुरक्षित असल्याची भावना असते. धोका खरा तो याच ठिकाणी आहे.

विजेवर चालणाऱ्या सॅक

या कटकटीवर उपाय म्हणून २०१४ पासून विजेच्या पंख्याने पिशवी फुगविणाऱ्या सॅक बाजारात आल्या. त्यांत सिलिंडर नसते. लिथियम बॅटरी असलेल्या सॅकला बॅटरीचे नियम लागू होतात. बॅटरीची क्षमता १०० वॉट-तासांपर्यंत असल्यास वेगळी संमती लागत नाही. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते. सुटी बॅटरी नेहमी हातसामानातच ठेवावी व तिची टोके झाकावीत. काही नव्या सॅकमध्ये लिथियमऐवजी विद्युतधारित्रे वापरलेली असतात, त्यामुळे प्रवास आणखी सुकर होतो. किंमत मात्र जास्त आहे. जो वर्षातून अनेकदा विमानाने बर्फाकडे जातो त्याने हा खर्च करावा असे आमचे मत आहे. एखाद्याच सहलीसाठी जाणाऱ्याने चांगली सॅक भाड्याने मिळते काय ते तेथेच पाहावे.

मुक्कामी पोहोचल्यावर

प्रवासासाठी सिलिंडर सोडविलेले असते आणि चापाची मूठ कप्प्यात बंद केलेली असते. उपरोक्त अभ्यासात पिशवी न फुगण्याचे प्रमाण पाचात एक इतके आढळले आणि त्यातील बहुतांश प्रसंगी यंत्र बिघडलेले नव्हते, मूठच ओढली गेली नव्हती. तेव्हा सिलिंडर घट्ट फिरवून बसवावे, त्याच्यावर कोरलेल्या वजनाशी प्रत्यक्ष वजन ताडून ते भरलेले आहे याची खात्री करावी आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा आवळावा. तो सैल राहिला तर फुगलेली सॅक अंगावरून निसटू शकते. गोंडोलात बसण्यापूर्वी मूठ कप्प्याबाहेर काढली आहे की नाही, हे एकमेकांचे एकमेकांनी पाहून घ्यावे.