रिकामी दिसणारी बाटली, किंमत हजारांत: ग्रोथ फॅक्टर प्रोटीनचा धंदा नेमका कशाचा आहे?



बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक केलेली बरीच मुलं विचारतात, "सर, लॅबला माल पुरवायचा धंदा करू का?" करा की. पण त्यातला सगळ्यात नाजूक माल कोणता आणि तो विकताना पैसे कशाचे मिळतात, हे आधी समजून घ्या. म्हणून आज एकच माल घेऊ: रिकॉम्बिनंट ह्युमन ईजीएफ, म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर.

हे आहे तरी काय?

आपल्या शरीरातल्या पेशींना "आता वाढा" असा निरोप देणारी काही प्रथिनं असतात, त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. ईजीएफ त्यातलंच एक, फक्त ५३ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. स्टॅनली कोहेन या शास्त्रज्ञाने ते उंदराच्या लाळग्रंथीतून शोधलं. तो अर्क टोचलेल्या उंदराच्या पिल्लांचे डोळे वेळेच्या बरेच आधी उघडले, तिथून हा शोध लागला. १९८६ साली कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना ग्रोथ फॅक्टरच्या शोधासाठी नोबेल मिळालं.

आता "रिकॉम्बिनंट" म्हणजे काय? माणसाच्या शरीरातून हे प्रथिन काढत बसणं परवडणारं नाही. म्हणून माणसाचं ते जनुक, म्हणजे प्रथिन बनवायची कृती, ई. कोलाय या जिवाणूत घालतात. जिवाणू मोठ्या टाकीत वाढवतात, ते त्या कृतीप्रमाणे प्रथिन बनवतात आणि मग ते गाळून शुद्ध करतात. माणसाचं इन्सुलिन याच पद्धतीने बनायला लागलं आणि १९८२ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मंजुरी मिळाली.

इतकं महाग का, आणि विकत कोण घेतं?

लॅबमध्ये काही प्रकारच्या पेशी वाढवायच्या तर त्यांच्या द्रवरूप खाद्यात, म्हणजे मीडियात, ईजीएफ टाकावं लागतं. साधारण एका मिलीलिटरला १० नॅनोग्रॅम. हिशोब करा. १०० मायक्रोग्रॅमची बाटली म्हणजे १,००,००० नॅनोग्रॅम. भागिले १०, म्हणजे १०,००० मिलीलिटर. एका बाटलीत १० लिटर मीडिया होतो!

आणि १०० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? तांदळाचा दाणा साधारण २० मिलिग्रॅमचा धरा, त्याचा दोनशेवा भाग. बाटली हातात घेतली तर रिकामीच वाटते. नवीन गिऱ्हाईक फोन करून म्हणेल, "अहो, बाटलीत काहीच नाही!" माल असतो, पण काचेला पातळ थर होऊन चिकटलेला असतो. उघडण्याआधी बाटली सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवायची, मग तो तळाला येतो. डिलिव्हरी देतानाच तुम्ही हे सांगितलंत तर गिऱ्हाईकाला कळतं की या माणसाला माल माहीत आहे.

गिऱ्हाईक कोण? पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, खारघरचं टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक, विद्यापीठांचे जीवशास्त्र विभाग, औषध कंपन्यांच्या लॅब, अशा ठिकाणी पेशींवर काम चालतं. पण वरचा हिशोब पुन्हा बघा. एका बाटलीत १० लिटर होत असेल तर तीच लॅब दर महिन्याला ईजीएफ मागणार नाही. म्हणजे एकट्या ईजीएफवर दुकान चालत नाही. मीडिया, सीरम, पिपेट टिप्स, प्लास्टिकच्या प्लेट्स हा रोजचा खप, आणि ग्रोथ फॅक्टर हा विश्वासाचा माल. ज्याच्याकडून तो बिनधास्त घेता येतो, त्याच्याकडेच बाकीची यादीही जाते.

तुम्ही विकता ते थंडी आणि कागद

प्रथिन कंपनी बनवते. तुम्ही काय करता? ते खराब होऊ देत नाही आणि ते खराब झालं नाही याचा पुरावा देता. पैसे त्याचे मिळतात.

आधी थंडी. कोरडी पावडर सहसा उणे २० अंश किंवा त्याखाली ठेवतात. कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलं असेल तेच अंतिम. घरच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये ठेवू नका. तो बर्फ साचू नये म्हणून अधूनमधून स्वतःच गरम होतो, आणि हा माल वारंवार गोठला-वितळला की बिघडतो. हाताने बर्फ काढायचा साधा डीप फ्रीजर घ्या, आणि तापमानाची नोंद ठेवणारा डाटा लॉगर लावा. रात्री वीज गेली तर सकाळी बाटलीकडे बघून काहीच कळत नाही. दूध नासलं तर वास येतो, प्रथिन नासलं तर संशोधकाचा तीन महिन्यांचा प्रयोग फसतो. मग तो तुमच्याकडे परत येत नाही, आणि शेजारच्या लॅबलाही सांगतो.

तोटा किती मोठा, बघा. समजा बाटली १२,००० ला विकली आणि १५ टक्के सुटले, म्हणजे १,८०० रुपये. एक बाटली बिघडली तर खरेदीचे १०,२०० गेले. ते भरून काढायला आणखी सहा बाटल्या विकाव्या लागतात. (आकडे समजण्यापुरते घेतलेत.) म्हणून साठा करू नका, ऑर्डर आली की मागवा.

आता कागद. प्रत्येक लॉटसोबत सर्टिफिकेट ऑफ ॲनालिसिस येतं. त्यात शुद्धता, एंडोटॉक्सिन म्हणजे जिवाणूंचा विषारी अंश किती, आणि पेशींवर प्रत्यक्ष काम करतं का, हे दिलेलं असतं. बाटलीवरचा आणि कागदावरचा लॉट नंबर एकच आहे ना, हे डिलिव्हरीआधी तपासा.

कोटेशन देताना हे चार प्रश्न विचाराच:

१. ह्युमन हवं की माऊस? दोन्ही मिळतात.
२. कशात बनवलेलं हवं, ई. कोलायमध्ये की सस्तन प्राण्यांच्या पेशींत?
३. सोबत बीएसए हे आधार प्रथिन चालेल, की त्याशिवाय हवं?
४. किती मायक्रोग्रॅम, आणि कंपनीचा कॅटलॉग नंबर काय?

चुकीची बाटली आली तर ती सहसा परत घेतली जात नाही.

उधारीचं काय?

सरकारी संस्था बरीचशी खरेदी जेम पोर्टलवरून किंवा कोटेशन मागवून करतात. आधी माल, मग बिल, मग वाट बघणं. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा फायदा प्राधान्य कर्जापुरता आहे. उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना उशिरा आलेल्या पैशाबद्दल जे ४५ दिवसांचं कायद्याचं संरक्षण आहे, ते व्यापाऱ्याने गृहीत धरू नये. तीन-चार महिने पैसे अडकले तरी तग धरता येईल, इतकंच काम सुरुवातीला उचला.

ही एक रेघ ओलांडू नका

बाटलीवर लिहिलेलं असतं, "फक्त संशोधनासाठी". कधीतरी पार्लरवाले किंवा एखादं क्लिनिक म्हणेल, "ईजीएफ चेहऱ्याला चांगलं असतं म्हणे, दोन बाटल्या द्या ना, दुप्पट पैसे देतो." नाही म्हणा.

का? ईजीएफ औषध म्हणूनही बनतं. हैदराबादच्या भारत बायोटेकचं रीजेन-डी हे जेल मधुमेहामुळे पायाला झालेल्या जखमांसाठी आहे. पण ते औषध म्हणून बनतं, तपासलं जातं, त्याला परवाना असतो. तुमच्या हातातली संशोधनाची बाटली त्या वाटेने आलेली नाही. ती माणसासाठी निर्जंतुक आहे याची हमी कुणी दिलेली नसते. शिवाय पेशींना "वाढा" सांगणारी ही वस्तू आहे, ती कुणाच्या अंगावर अंदाजाने लावायची नसते. माणसाच्या वापरासाठी विकलीत की औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायदा, १९४० लागू होतो. कुणाला इजा झाली तर दुप्पट पैशांचं काय करणार? प्रत्येक बिलावर "फक्त संशोधनासाठी" छापा आणि माल फक्त संस्थेच्या किंवा कंपनीच्या पर्चेस ऑर्डरवर द्या.

सुरुवात कशी कराल?

लगेच आयातीच्या मागे लागू नका. एखाद्या कंपनीच्या भारतातल्या अधिकृत वितरकाकडे सब-डीलरशिप मागा, आणि तसं पत्र लेखी घ्या. त्याआधी या आठवड्यात जवळच्या तीन लॅबमध्ये जा. काही विकू नका, फक्त विचारा: "तुमचा कुठला माल उशिरा येतो? कुठला खराब येतो?" उत्तरं वहीत लिहा. तीनही ठिकाणी एकच तक्रार ऐकू आली, तर पहिला फ्रीजर कशासाठी घ्यायचा ते तुम्हाला कळलेलं असेल.